पदराखालचं ऊन

आमच्या घरात भांडी कमी आणि पत्रकं जास्त. भुसावळला रेल्वे वसाहतीच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पप्पांचा छापखाना आणि मागच्या खोलीत आम्ही. छापखाना म्हणजे एक जुनं ट्रेडल मशीन, शाईचे डबे आणि छतापर्यंत रचलेले कागदाचे गठ्ठे. कामगारांच्या सभेचं पत्रक, जयंतीच्या मिरवणुकीचं पत्रक, पाणीपट्टीविरुद्धच्या मोर्चाचं पत्रक, सगळं आमच्याकडे छापलं जायचं आणि उरलेल्या प्रती आमच्या संसारात मिसळायच्या. कपाटाच्या फळीवर पत्रक, पिठाच्या डब्याच्या तळाशी पत्रक, आईने ठेचा पाठवला तरी तो 'जागे व्हा' असं लिहिलेल्या कागदात गुंडाळून. मी अक्षरं शिकले ती शाळेच्या पाटीवर नाही, पप्पांच्या शिशाच्या खिळ्यांवर, छापायच्या टाइपांवर. खिळ्यातलं अक्षर उलटं असतं. त्यामुळे बालवाडीत मी 'क' आरशातला काढला, आणि बाईंनी चूक म्हणून फुली मारली, तेव्हा घरी येऊन मी पप्पांना विचारलं होतं, "बाईंच्या विरोधात पत्रक काढायचं का?"

माझं नाव क्रांती. छापखान्यात वाढलेल्या मुलीचं दुसरं काय नाव असणार? आई अंगणवाडीत मदतनीस होती. तिला हे नाव जड वाटायचं, ती मला 'बाळे' म्हणायची. रविवारी ती वरण-बट्टी करायची. बट्ट्या तुपात बुडण्याची वाट बघत आम्ही बसलो की पप्पा नव्या पत्रकाचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवायचे. वाक्य लांबलं की आई म्हणायची, "एवढं ऐकेपर्यंत मोर्चा घरी जाईल." मग पप्पा वाक्य तोडायचे. लिहिणं म्हणजे काय, हे मला त्या बट्ट्यांच्या वासात कळलं. आजही माझं वाक्य लांबलं की मला आईचा आवाज ऐकू येतो. अर्थात मी आता तिचं ऐकत नाही, कारण हे पत्रक नाही.

गच्चीवरून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. त्यांच्यावरचे लाल दिवे संध्याकाळी लुकलुकायला लागले की आम्हा मुलांना घरात यायची वेळ झाली असं कळायचं. पप्पा त्या चिमण्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "वीज म्हणजे दुसऱ्याचा घाम. बटण दाबताना लक्षात ठेव." मी लक्षात ठेवत असे. पण बटण आणि घाम यांच्या मधे काय असतं, तार कुठून निघते, कशी येते, तिच्यात काय पळतं, हे मी कधी विचारलं नाही. विजेवर घोषणा लिहायला मला एक मिनिट पुरायचं. बल्बचं होल्डर बदलायला मात्र शेजारच्या काकांना बोलवावं लागायचं.

बारावीच्या परीक्षा संपल्या आणि शिंदखेड्याकडच्या गावातून आत्याचा फोन आला. सुमनआत्या पप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिची बोली पुरती सासरची झाली होती. फोनवर ती ओरडूनच बोलायची, जणू मधल्या अंतरावर तिचा विश्वास नव्हता.

"दादा, तुनी पोर घर बठीसन काय करी रायनी? धाडी दे तिले. अठे उन्हावर गिरणी चालावाले शिकाडी रायनात."

"कशावर?" पप्पांनी विचारलं.

"उन्हावर रे! ऊन! तुमना भुसावळले नही का ते?"

आत्याचे यजमान, मी त्यांना मामा म्हणायचे, सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होते आणि सणाला यायचे. गावात आत्याची पिठाची गिरणी होती. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला टेकून बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत. गिरणी चांगली होती, लाइन चांगली नव्हती. मोठी मोटर फिरेल अशी लाइन एका आठवड्यात दिवसा यायची, दुसऱ्यात रात्री, आणि कधी कधी नुसतीच येईल येईल म्हणायची. बाया डबे ठेवून जायच्या, डब्यांची रांग दाराबाहेर यायची, आणि आत्या जेवताना, न्हाताना, झोपेतसुद्धा एक कान पंख्याकडे लावून असायची. पंखा जोरात फिरला, म्हणजे मोठी लाइन आली, की ती हातातला घास ठेवून गिरणीकडे धावायची. ज्यांना वाट बघवत नव्हती त्या बाया एकेक करून शेजारच्या गावातल्या गिरणीवर जायला लागल्या होत्या. गिरणी बंद पडली तर मामांसारखं तिलाही सुरतेला जावं लागलं असतं, आणि आत्याला सुरत नको होती. "तठे माले कोन वळखस?" ती म्हणायची. तिथे मला कोण ओळखतं?

पप्पांनी मला पाठवलं ते संशयाने. सूर्याच्या नावावर कोण काय विकायला आलंय ते बघून ये, असा त्यांचा निरोप होता. सोबत कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणि शाईचं पेन दिलं. "काही खरं दिसलं तर लिही. खोटं दिसलं तर आधी लिही."

तिथलं ऊन मी आधी कधी पाहिलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल, भुसावळही काही थंड हवेचं ठिकाण नाही. पण भुसावळला आम्ही उन्हापासून पळतो आणि पळायला जागा असते. आत्याच्या गावात सकाळची भाकर झाली की ऊन गल्लीत येऊन बसायचं आणि सगळं गाव त्याला वाट करून द्यायचं. दारं बंद, खिडक्यांना ओलं गोणपाट, कुत्री बाजेखाली. ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या कळण्याची भाकर, वर तेल-मीठ, शेजारी भाजलेली मिरची आणि कांदा, एवढं खाऊन माणसं दुपारभर गप्प पडून राहायची. माणूस रागीट झाला की म्हणायचे, "त्याना डोकाले ऊन लागी गयं." ऊन म्हणजे लागणारी, मारणारी, काळी करणारी गोष्ट. ते कशासाठी तरी उपयोगाचं आहे हे फक्त पापड-कुरडया घालणाऱ्या बायांना माहीत होतं.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी अक्का. ती कुणाची अक्का होती ते कुणाला नीट सांगता यायचं नाही, सगळ्या गल्लीचीच होती. हातात काठी, डोक्यावर पदर, तोंडात कायम काहीतरी चघळत. पहिल्याच दिवशी तिने मला नाव विचारलं.

"क्रांती."

"कायनं?"

"क्रांती, अक्का. म्हणजे सगळं उलथवून टाकणं."

"माय वं! हाई कसं नाव?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कांताच बरं."

त्या उन्हाळ्यात मी कांता होते.

प्रशिक्षण समाजमंदिरात होतं. शिकवायला धुळ्याच्या एका संस्थेकडून गावित मॅडम आल्या होत्या. साक्रीकडच्या, उंच, खांद्याला पिशवी, पिशवीत पक्कड, टेस्टर, मीटर आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. शिकायला गल्लीतल्या बाया, दोन-तीन मुलं आणि मी. संस्थेने काचेची पॅनेलं, कंट्रोलर आणि गिरणीला जोडायची नवी मोटर आणली होती. अट साधी होती. बायांनी स्वतः सगळं बसवायचं, आणि शेवटच्या दिवशी धुळ्याचे साहेब येतील त्यांच्यासमोर ज्वारीचं पहिलं दळण दळून दाखवायचं. जमलं तर संच गावात राहील. नाही जमलं तर पुढच्या गावाने मागणी लावलेलीच होती, त्याच गाडीने तिकडे जाईल. याआधी दिलेले संच कुठे गोठ्यात तर कुठे गवताखाली पडून राहिले होते, म्हणून ही अट, असं मॅडम म्हणाल्या. मला ती अट अपमानकारक वाटली आणि मी तसं बोललेही. मॅडमनी शेंगदाणे पुढे केले. "खा. आणि मग पान्हा धर."

मी पान्हा धरला. आणि ज्याला पप्पा आयुष्यभर घाम म्हणत आले त्याच्या आत मी पहिल्यांदा हात घातला. जमिनीत खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी उभी केली आणि भोवती कोळसा आणि मीठ, कोळसा आणि मीठ, असे थर घातले, वरून पाणी ओतलं. विजेने चुकून अंगावर यायचं ठरवलं तर तिला जमिनीत जायला ही वाट, असं मॅडमनी सांगितलं. मीठ ओतताना आत्या म्हणाली, "जमीनले मीठ खावाडं आपन. आते ती इमान राखी." त्या दिवसापासून आमच्यात अर्थिंगला अर्थिंग कुणी म्हटलं नाही, सगळ्या 'इमानाचा खड्डा' म्हणायच्या. कुठल्याच मोठ्या पुस्तकात नसेल असा शब्द. आज मी गावोगाव हेच काम करते आणि प्रत्येक ठिकाणी हाच शब्द सांगते.

पण ज्या गोष्टीने माझा श्वास थांबला ती दुसरी होती. समाजमंदिराच्या स्लॅबवर पॅनेलं तिरपी, दक्षिणेकडे तोंड करून मांडून झाली होती. अजून कशालाच जोडलेली नव्हती. मॅडमनी दोन तारांची टोकं मीटरला लावली आणि आकडा वर चढला. मी विचारलं, "बटण कुठे दाबलंत?"

"बटण नाही."

"मग बंद कसं करायचं?"

"बंद होत नाही. उन्हाला बटण नसतं, क्रांती. ते आहे तोवर ही तार जिवंत आहे. जोडलेली असो, नसो. कुणी बघत असो, नसो."

मी त्या काळ्या-निळ्या काचांकडे बघत राहिले. आवाज नाही, धूर नाही, काही फिरत नाही, काही जळत नाही. आपण दार लावून, गोणपाट टांगून ज्याच्यापासून लपतो ते सगळा वेळ बाहेर उभं राहून असं देत होतं. माझ्या आधीपासून, चिमण्यांच्या आधीपासून, गावाच्या आधीपासून. मला वाचताना, घोषणा देताना, मिरवणुकीत चालताना अंगावर काटा आला होता. पण गप्प उभ्या असलेल्या काचेसमोर तो पहिल्यांदाच आला.

तारा जोडताना हात भाजू नये, झटका बसू नये म्हणून मॅडम पॅनेलांवर जाड चादरी टाकायला लावायच्या. "झाकलं की झोपतं," त्या म्हणायच्या. चादर टाकली की मीटरचा आकडा खाली, काढली की वर. आम्ही रोज स्लॅबवर चढून आधी चादरी टाकायचो, मग काम करायचो. अक्का शेजारच्या धाब्यावर बसून हे सगळं बघायची. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, समाजमंदिराच्या स्लॅबला लागूनच. "पह्यले लोके उन्हाले तोंड लपाडेत," ती तिथून ओरडायची, "आते उन्हाले चादर पांघरावतस! त्याले काय थंडी वाजस?"

संध्याकाळी मी कागद काढून बसायचे. पप्पांना हवं होतं ते खोटं मला सापडेना. उलट पहिल्यांदाच मला कुणाच्या विरोधात नाही, कशाच्या तरी बाजूने लिहावंसं वाटत होतं. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी मथळा सापडला: 'ज्याचं छप्पर, त्याचं ऊन'. खाली लिहिलं होतं की सूर्य कुणाच्या बापाचा नाही, पण तो ज्याच्या छपरावर पडतो त्याला विचारल्याशिवाय त्याची वीज कुणी नेऊ नये, ना कंपनीने ना सरकारने. ओट्यावर बसलेल्या बायांना मी ते वाचून दाखवलं. अक्काला वाचता येत नव्हतं. तिने मथळा दोनदा म्हणायला लावला, मान हलवली आणि म्हणाली, "हाई खरं शे." पत्रकाला इतकी मोठी दाद मला नंतरही मिळालेली नाही.

साहेब येणार त्या सकाळी आत्याने अंगण सारवलं, गिरणीच्या दारावर आंब्याचा डहाळा बांधला, आणि निवडून ठेवलेली ज्वारी पाटीत घेऊन उभी राहिली. नऊवारीचा काठ तिने दोनदा चाचपला. ती घाबरली की काठ चाचपायची. साहेब आले, चहा झाला, गल्ली जमली. मॅडमनी डोळ्यांनी आत्याला खूण केली आणि आत्याने ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतून कंट्रोलरचं बटण दाबलं.

मोटर गुणगुणली. दगड हलला. अर्धा फेरा झाला असेल नसेल, आवाज खोल गेला, बसला आणि थांबला. कंट्रोलरवर लाल दिवा.

पुन्हा बटण. पुन्हा गुणगुण, पुन्हा तेच. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "लाइन गयी वाटस," आणि पोरं हसली. मॅडमनी मीटर लावला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "वरून कमी येतंय. ढग नाही, काही नाही. काल तर भरपूर होतं." साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी घड्याळ पाहिलं. "ताई, पुढच्या गावालाही वेळ दिलीय. थोडा वेळ बघू, नाहीतर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ड्रायव्हरने मात्र गाडीचं मागचं दार उघडून ठेवलं, सामान चढवायला. आत्याने काठ चाचपला.

मॅडमनी मला वर पिटाळलं. मी शिडी चढले, डोकं स्लॅबच्या वर काढलं आणि तिथेच थबकले.

पॅनेलांच्या खालच्या रांगेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक ओली जुनी नऊवारी साडी पसरलेली होती. आणि साडीवर, हाताने थापलेले, गोल, पातळ, एकाला एक लागून, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. शेजारी अक्का छत्री उघडून कावळे हाकत बसली होती.

"ये वं कांता. बठ. जरासा कावया हाकल."

"अक्का! हे काय केलंत? खाली गिरणी बंद पडलीय!"

"मी काय करं? मी तं बिबडा घालेल शेतस."

"काचांवर?"

"मंग? तुम्हीच ना रोज चादर टाकेत? मन्हा डोयाघाई दखं मी. माले वाटनं, यास्ले झाकनंच पडस." तिने काचेच्या कडेला प्रेमाने हात लावला आणि चटकन मागे घेतला. "आनि तवासारखी तपस वं हाई काच. दोन दिननं वाळवन एक दिनमा व्हई."

आम्हीच शिकवलं होतं. काम सुरू करताना झाकायचं, हे तिने बघितलं होतं. काम संपल्यावर उघडायचं, त्या वेळी ती जेवायला गेलेली असायची.

मी साडीच्या टोकाला हात घातला. अक्काची काठी माझ्या मनगटावर आली, मारायला नाही, नुसती टेकली.

"हात लाव तं दख. दोन दिन भिजाडेल, कांडेल, शिजाडेल ज्वारी शे ती. मन्ही लेक सुरतथीन येवाव शे, तिले वरीसभर पुरतीन. ओढशी तं बठ्ठा चिखल व्हई." मग तिचा आवाज उतरला. "हाऊ स्लॅब पडना तवय मन्हा डोकावर घमेलं व्हतं, पोरी. दर उन्हायामा मन्हा बिबडा अठेच वाळतस. यंदा तुम्ही काचा मांड्यात. कोनी इचारं माले? तूच ना वाची दाखाडं व्हतं? ज्यानं छप्पर, त्यानं ऊन?"

माझ्या आयुष्यात मी कितीतरी वाक्यं छापलेली पाहिली होती. भिंतींवर, खांबांवर, पायांखाली. त्यांतलं एखादं वाक्य उठून, छत्री उघडून, माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हात काढून घेतला. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी अनेकदा शोधलं आहे. शरम म्हणावी तर ती थोडी होती, पण त्याहून मोठं होतं ते आश्चर्य. वाक्य खरं होतं! मी लिहिलं होतं तेव्हा मलाही ते एवढं खरं आहे हे माहीत नव्हतं.

मी शिडीवरून खाली ओरडले. आत्या वर आली, तिच्यामागून रंजना, गल्लीतली तरुण सून आणि प्रशिक्षणातली सगळ्यात चपळ हात असलेली. रंजनाने एका नजरेत ओळखलं. "फेका ती साडी! अक्का, आम्ही बठ्ठ्या मिळीसन तुले नवा बिबडा करी देसूत."

"मन्ही ज्वारी, मन्हा हात, आनि तू फेकशी?"

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. साहेबांची हाक ऐकू आली, "ताई, काय झालं? आम्हाला निघावं लागेल!" आत्या गाडीकडे बघत होती. त्या गाडीत तिची गिरणी जाणार होती, तिचं गाव जाणार होतं. ती एक शब्द बोलली असती तर रंजनाने साडी ओढली असती, आणि कुणी आत्याला दोष दिला नसता. तिने काठ चाचपला. मग तिने पॅनेलं बघितली, साडी बघितली, शेजारचं धाबं बघितलं.

"फाडानी नही," ती म्हणाली. "फेकानी बी नही. उचलानी."

"वल्ली साडी? बिबडासकट?"

"पाळणामा झोपेल पोरले कसं उचलतस? तशी. बोलाव बठ्ठ्यास्ले."

बाया शिडीने वर आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेला मूल, ते मूल दुसरीकडे देऊन तिसरी वर. ज्या बाया शेजारच्या गावातल्या गिरणीवर जायला लागल्या होत्या त्यासुद्धा आल्या. साडीच्या दोन्ही कडांना आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो, काठ मुठीत धरले. ढिली पडली तर बिबडे घसरून एकमेकांवर चिकटणार, जास्त ताणली तर जुनं लुगडं फाटणार. अक्का साडीच्या डोक्याशी काठी घेऊन उभी. "ताना. ताना वं. इतलं नही! हां. आते वर."

साडी काचेवरून उठली.

आधी एका टोकाचं पॅनेल उघडं पडलं. त्यावर पाण्याचा ओलावा होता, तो उन्हात एकदम चमकला. मग दुसरं. आमच्यातली प्रत्येक बाई एकेक पाऊल सरकत होती आणि प्रत्येक पावलाला एक काळी निळी काच आभाळाकडे उघडत होती. आणि तेवढ्यात पायांखालून, स्लॅबमधून, आमच्या तळपायांना एक गुणगुण लागली. कान ऐकायच्या आधी पायांनी ऐकली. मॅडमनी खाली कंट्रोलर चालू ठेवला होता. आम्ही सरकलो, गुणगुण वर चढली. आम्ही आणखी सरकलो, दगड फिरला, जड, मग हलका. शेवटची काच उघडी झाली तेव्हा खाली गिरणी तिच्या पूर्ण आवाजात घरघरत होती, लाइनवर कधी लागला नव्हता तसा एकसारखा आवाज, आणि ज्वारी फुटल्याचा तो गरम, गोड वास स्लॅबपर्यंत आला. खाली गर्दी ओरडली. वर आमच्या मुठी गच्च होत्या, घाम डोळ्यांत जात होता, तो पुसता येत नव्हता. रंजना रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. तिने साडीची कड सोडून टाळी वाजवायला हात उचलला तोच अक्का कडाडली:

"टाया नका वाजाडा वं, बिबडा पडतीन!"

मग आम्ही सगळ्या, त्या ताणलेल्या साडीच्या दोन्ही बाजूंनी, हात न हलवता हसलो. साडी लाटेसारखी हलत होती. तशीच ती धाब्यावर नेली, तशीच उतरवली. बिबडे सगळे शाबूत. एकाचा काठ दुमडला होता, तो अक्काने बोटाने सरळ केला.

साहेब शिडीवरून वर आले तेव्हा धापा टाकत होते. खाली गाडीचं इंजिन त्यांनीच बंद करायला लावलं होतं. साडी उतरताच आत्या खाली गिरणीत पळाली होती, ती पाटी घेऊन त्यांच्यामागोमाग वर आली तेव्हा तिच्या केसांवर, पापण्यांवर पीठ बसलं होतं. तिने पाटीतलं गरम पीठ मुठीत घेऊन त्यांच्यासमोर धरलं. ते हसले आणि म्हणाले, "संच राहतोय, ताई. पण मधे झालं काय होतं?"

मॅडमनी सांगायला तोंड उघडलं. अक्का पुढे झाली.

"मी सांगस." तिने डोक्यावरचा पदर काढला, पुरता उलगडला आणि कडेच्या काचेवर पसरला. खाली गिरणीचा आवाज दबला. थांबला नाही, पण दबला, चालणारा माणूस चढ लागल्यावर दबतो तसा. अक्काने मान तिरकी करून ऐकलं. मग पदर उचलला. आवाज वर चढला.  

नंतर पप्पांना मी ते पत्रक पाठवलं, आत्याच्या पिठाची पुडी त्यातच बांधून. मथळ्याखाली एक ओळ वाढवली होती: 'आधी छपराला विचारा'. समाजमंदिरावर आजही उन्हाळ्यात बिबडे वाळतात. पॅनेलं मागे सरकवून पुढे अक्काच्या बिबड्यांसाठी एक रांग मोकळी ठेवली आहे, आणि ते मोजमाप अक्काने स्वतः काठीने करून दिलं. नव्या गावात शिकवायला उभी राहिले की मी आधी मीटर काढत नाही, आधी विचारते, या छपरावर काय वाळतं?

पण ते सगळं नंतरचं. तेव्हा स्लॅबवर अक्का उन्हात उघड्या डोक्याने उभी होती, जन्मात पहिल्यांदाच असेल, आणि हातातल्या जुन्या सुती पदराकडे आणि वर आभाळाकडे आळीपाळीने बघत होती.

"माय वं," ती हळूच म्हणाली, "इतला मोठा सूर्य, आनि मन्हा पदरले घाबरस!"

आणि खात्री करायला तिने पुन्हा पदर टाकला.